बंपरचा जोड घेऊन पुण्याला

प्रवासवर्णन लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे आधी सांगून टाकतो. ज्यांनी हिमालय पाहिला, जे विमानात बसले, त्यांनी लिहावं. मी पनवेलहून पुण्याला गेलो आणि परत आलो. एवढा प्रवास आमच्या कॉलेजातली अर्धी मुलं मामाकडे जाताना करतात. शिवाय आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं कुणाकडून तपासून घ्यावं अशी घरी सोय नाही. तरीही वार्षिकांकाच्या सरांनी विचारल्यावर मी हो म्हणालो, कारण हा प्रवास मी एकोणपन्नास सालच्या मॉरिस मायनरमधून केला आणि त्या गाडीच्या दारांवर गेरूचे ठसे होते. असं अंकाच्या वाचकांपैकी कुणी गेलं असेल असं वाटत नाही.

पनवेल

गाडी कासमचाचांची. त्यांचं तांदळाचं दुकान आणि माझ्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान एकाच ओळीत आहेत, मध्ये फक्त एक शिंपी. चाचांच्या वडिलांनी ही गाडी मुंबईच्या एका पारशी डॉक्टरकडून घेतली होती. फिकट हिरवा रंग, गोल पाठ, आणि दिवे खाली जाळीतच बसवलेले. त्यामुळे ती मान खाली घालून चालल्यासारखी दिसते.

मान खाली घालायला कारणही होतं. तिच्या पुढच्या बंपरला बरोबर मध्यभागी जोड आहे. दोन तुकडे आणि त्यांच्यामध्ये वेगळी पट्टी. बॉनेटवरही मधोमध एक सपाट पट्टा वरपासून खालपर्यंत गेलेला. गाडी पनवेलला आली त्याच दिवशी कुणीतरी हे पाहिलं आणि बोललं, दोन मेलेल्या गाड्या जोडून ही एक केलीय, डॉक्टरने शेठला फसवलं. झालं. गाडीचं नाव 'जोडगाडी' पडलं. चाचांचे वडील ते ऐकत ऐकतच गेले. चाचा स्वतः गाडी कधी बाजारातून नेत नसत, तळ्याच्या बाजूने लांबचा वळसा घेत. कुवेतला असलेला त्यांचा मुलगा तर दर सुट्टीत एकच सांगे, "अब्बा, काढा ती भंगारात. लोक हसतात."

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कुणीतरी इंग्रजी मोटार-मासिकांचा गठ्ठा देणगी दिलेला आहे. इंग्रजी सुधारावं म्हणून मी तो वाचत होतो, कोश शेजारी ठेवून. त्यात मॉरिस गाड्यांच्या इतिहासावर एक लेख निघाला. लेखात होतं ते असं. मायनरचा नमुना तयार झाला तेव्हा ती बनवणाऱ्या मुख्य माणसाला ती अरुंद वाटली, डोळ्याला पटेना. त्याने तयार गाडी लांबीत उभी कापायला लावली आणि दोन्ही अर्धुकं हळूहळू एकमेकांपासून दूर सरकवत नेली. एका जागी तो थांबा म्हणाला. मोजलं तर फट चार इंच. गाडी तेवढी रुंद करायची ठरली. म्हणून बॉनेटवर तो सपाट पट्टा आला. पण बंपर आधीच तयार होऊन पडले होते. मग तेही मधोमध कापले आणि मध्ये पट्टी घातली. सुरुवातीच्या गाड्या अशाच जोडाच्या बंपरने कारखान्यातून बाहेर पडल्या.

मी धावत चाचांकडे गेलो. ते तांदळाच्या ढिगात हात घालून गिऱ्हाईकाला दाणा दाखवत होते. सगळं ऐकून त्यांनी हात तसाच ठेवला आणि म्हणाले, "परत बोल." मी परत बोललो. गिऱ्हाईक निघून गेलं तरी त्यांना कळलं नाही.

बाजारात मात्र कुणाला पटलं नाही. दगडू पानवाला म्हणाला, "सायकलवाल्याचा पोरगा आता मोटारी शिकवणार! अरे, गोरा माणूस कापून जोडलेला माल विकेल का?"

त्याच सुमारास पुण्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार असल्याचं कळलं. तिथे जाणकार परीक्षक प्रत्येक गाडी मूळ रूपात आहे की नाही ते तपासतात. चाचांनी मला बोलावून घेतलं. "गजानन, तू यायचंस. तिथे इंग्लिशमध्ये बोलायचंस. मला बक्षीस-बिक्षीस नको बेटा. माझ्या बापाला कुणी फसवलं नव्हतं, एवढं एका जाणत्या माणसाच्या तोंडून ऐकायचंय."

 मी वर्गात उभं राहून हजेरीसुद्धा नीट देत नाही.

निघताना

माझे वडील पाना-पकड घेऊन येणार होते. आम्ही मूळचे चिरनेरच्या बाजूचे. नव्या मुंबईसाठी जमीन गेली तेव्हा वडिलांनी बैलजोडी विकली आणि पनवेलला येऊन सायकलीचं दुकान टाकलं. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला बैल धुऊन, रंगवून, पेटत्या पेंढ्यावरून उडवतात. अंगावर गेरूचे गोल ठसे उमटवतात. बैल गेल्यावर पाडवा आला की वडील सकाळपासून गप्प असायचे. एका पाडव्याला त्यांचं लक्ष मॉरिसच्या नाकावरच्या बिल्ल्याकडे गेलं. त्यावर तांबडा बैल आहे आणि त्याच्या पायाखाली निळ्या लाटा.

"शेठ, यो तं बैल हाय! नदी उतरतोय!"

चाचा म्हणाले, "मग? कर त्याचा पाडवा."

तेव्हापासून दर पाडव्याला वडील त्या बिल्ल्याला हळद-गेरू लावतात आणि चाचा त्यांच्या हातावर नारळ ठेवतात. मासिकात मला त्या बैलाचाही उलगडा झाला. ऑक्सफर्ड या गावाच्या नावाचा अर्थच बैल नदी उतरतात ती जागा, आणि मॉरिस गाड्या त्या गावच्या. वडिलांना हे सांगितलं तर त्यांना काहीच विशेष वाटलं नाही. "मी काय बोल्लो व्हतो?" एवढंच म्हणाले.

पण निघण्याच्या पहाटे मी चाचांच्या दारात पोचलो आणि पाहतच राहिलो. दोन्ही दारांवर, मागच्या गोलाव्यावर, वाटीच्या तोंडाएवढे गेरूचे ठसे! वडील हात पुसत उभे.

"बा, हे काय केलंत? प्रदर्शन आहे तिथे!"

"परगावी लोकांसमोर न्यायचा बैल असाच नेतान. उघडा नेतान काय?"

मी चाचांकडे पाहिलं. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. "मागच्या बाजूला एक कमी पडलाय, हिराजी," म्हणाले.

घाट

शेडुंग, चौक, खालापूर मागे टाकलं. सकाळच्या उन्हात गाडी शिवणयंत्रासारखी चालली होती. वळायचं असलं की दाराशेजारच्या खाचेतून एक छोटा दांडा बाहेर येतो, माणसाने हात दाखवावा तसा, आणि त्यात दिवा लागतो. आमचा डावा हात एकदा बाहेर आला की आत जाईना. वडिलांनी काच खाली करून तो प्रत्येक वळणानंतर आत ढकलायचं काम स्वतःकडे घेतलं.

खोपोलीला थांबलो. चाचींनी सांदणं दिली होती आणि उकडलेली अंडी. आईने तांदळाच्या भाकऱ्या नि सुकट. सगळं बॉनेटवर पसरून खाल्लं. मी म्हणालो, "चाचा, ज्यांच्या नावाची ही गाडी, त्या मालकांना ही आवडलीच नव्हती. पहिल्यांदा पाहून म्हणाले, ही तर अंडं फोडून उकळत्या पाण्यात सोडल्यासारखी दिसते."

वडील नेमके अंडं तोंडात घालत होते. त्यांनी ते हातात धरून एकदा अंड्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. "दिसतंय खरं," म्हणाले.

"आणि तिचं पहिलं नाव मॉस्किटो होतं. म्हणजे मच्छर."

चाचा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "अरे, तेच ठेवायचं ना! सीधी पनवेलला पाठवली असती."

मग मी जे इतके दिवस राखून ठेवलं होतं ते सांगितलं. हे मॉरिस म्हणजे कुणी सरदार नव्हते. घरामागच्या शेडमध्ये सायकली दुरुस्त करायचे. तिथून सुरुवात करून त्यांनी मोटारींचा कारखाना उभा केला.

वडिलांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "सायकली?"

"हो."

"पंक्चर बी काडायचं?"

"काढत असणारच."

त्यांनी भाकरी परत उचलून संपवली. पण घाट सुरू झाल्यावर माझ्या लक्षात आलं, ते ताठ बसले होते.

या गाडीचं इंजिन लहान आणि पाणी फिरवायला पंपही नाही. पाणी तापलं की आपोआप वर जातं, निवलं की खाली येतं, एवढ्यावर भिस्त. शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे गाडीच्या नाकातून वाफ निघायला लागली. गाडी कडेला घेतली. शिंग्रोबा म्हणजे तो धनगर, ज्याने साहेबाला या घाटातून वाट दाखवली अशी गोष्ट आहे. येणारा-जाणारा प्रत्येक ड्रायव्हर तिथे नाणं टाकतो. चाचाही उतरून टाकून आले.

तेवढ्यात मागून आलेला एक ट्रक आमच्यामागे थांबला. ड्रायव्हर साताऱ्याकडचा होता, मिशाळ. त्याने आपल्या डब्यातलं पाणी दिलं. गाडीला फेरी मारली आणि बंपरपाशी येऊन थांबला.

"मामा, ही दोन गाड्या जोडून केलीय वाटतं?"

चाचांचा चेहरा पडला. इतक्या लांब येऊनही तेच. मी बोलावं की नाही अशा विचारात होतो, तर वडील म्हणाले, "नाय. कापून मोटी केली. गजा, सांग त्यांला."

मी सांगितलं. रस्त्याच्या कडेला, ट्रकांच्या आवाजात, ओरडूनच सांगावं लागलं. ड्रायव्हरने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "आमच्या सासऱ्यानं घराचा दरवाजा असाच फोडून रुंद केला, पलंग आत जाईना म्हणून." मग ट्रक घेऊन आमच्या मागे मागे, इतर गाड्यांना अडवत, घाटमाथ्यापर्यंत सोडायला आला.

पूर्ण गोष्ट न अडखळता सांगण्याची माझी ती पहिली वेळ. वर आल्यावर लोणावळ्याची गार हवा लागली तेव्हा कळलं की माझा सदरा भिजलेला आहे.

पुणे

चाचांचे मेहुणे पुण्यात कॅम्पात बेकरी चालवतात. आम्ही त्यांच्या भट्टीमागच्या खोलीत उतरलो. भिंत गरम, त्यामुळे थंडी कळत नव्हती, आणि झोपेतही पावाचा वास येत होता. दुपारी एका खाणावळीत जेवलो. आमटीचा घास घेतल्यावर वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "यात गूल घातलाय रं." मी म्हटलं, इकडे घालतात. "आनि कोकम?" नाही म्हटल्यावर त्यांनी त्या गावाची कीव केली आणि वाटी संपवली. आमच्या बाजूचा माणूस आंबट सोडून परगावी गेला की असा अर्धा उपाशी राहतो.

प्रदर्शन एका मोठ्या मैदानावर होतं. मी एवढ्या गाड्या एका जागी कधी पाहिल्या नव्हत्या. लांबलचक नाकाच्या, पितळी दिव्यांच्या, आरशासारख्या घासलेल्या. त्यांच्याजवळ टोप्या घातलेले मालक आणि पांढऱ्या कपड्यातले ड्रायव्हर. त्यांच्यामध्ये आमची हिरवी मॉरिस, ठशांची. लोक आमच्याकडे बोट दाखवून हसत होते. चाचांनी शेरवानी घातली होती. ते गाडीच्या उजव्या दिव्याजवळ उभे राहिले, वडील डाव्या दिव्याजवळ, जशी बैलजोडीची माणसं उभी राहतात.

परीक्षक एक निवृत्त इंजिनिअर होते. पांढरे केस, हातात छोटा आरसा, तो गाडीखाली धरून पाहत. बंपरपाशी आले. बोट जोडावर फिरवलं.

"रिपेअर," ते इंग्रजीत म्हणाले. "अ‍ॅक्सिडेंट?"

चाचांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तोंड उघडलं. रात्रभर पाठ केलेलं पहिलं इंग्रजी वाक्य आलं, दुसरं आलं, तिसऱ्यावर गाडी अडली. कापणे याचा भूतकाळ काही केल्या आठवेना. मी नुसता हाताने गाडी उभी कापल्यासारखं करून दाखवत राहिलो.

परीक्षकांनी आरसा खाली केला. "नाव काय तुझं?"

"गजानन."

"गजानन, मला मराठी येतं. माझा जन्म सदाशिव पेठेतला आहे. सावकाश सांग."

मग मी घाटातल्या ड्रायव्हरला सांगितलं होतं तसं सांगितलं. चार इंच. बॉनेटचा पट्टा. आधीच तयार होऊन पडलेले बंपर. खाली जाळीतले दिवे, जे पुढच्या गाड्यांमध्ये वर सरकले, म्हणजे ही सुरुवातीचीच. त्यांनी बॉनेट उघडलं, आतला नंबर टिपला, पट्टीच्या मागे आरसा धरून बराच वेळ पाहिलं.

"हे मी ऐकलेलं आहे," ते म्हणाले. "पण असा बंपर या देशात अजून पाहिला नव्हता. मागे वेल्डिंग नाही, बोल्ट आहेत. मी आता नक्की सांगणार नाही. विलायतेत या गाड्यांचे जाणते लोक आहेत, त्यांना फोटो पाठवून विचारतो. खात्री झाल्याशिवाय मी हो म्हणत नसतो, आणि नाहीही म्हणत नसतो."

चाचांनी मान हलवली. त्यांना आज ऐकायचं होतं, ते मला ठाऊक होतं.

मग परीक्षकांनी दाराकडे पाहिलं. "हे मात्र काय आहे?"

वडील पुढे झाले. "गेरू हाय, सायेब. बैल हाय ना नाकावर. परगावी आनताना लावतो आमी."

"बाबा, भावना कळली. पण मूळ रंगावर दुसरं काही असेल तर गुण जातात. नियम आहे. पाण्याने निघत असेल तर आत्ता पुसून घ्या, मी पलीकडच्या दोन गाड्या बघून येतो."

वडिलांनी लगेच डोक्याचा रुमाल सोडला. ते पाण्याच्या नळाकडे निघाले होते, इतक्यात चाचा बोलले. आवाज मोठा नव्हता.

"हिराजी, थांब. साहेब, तुम्ही गुण कापा."

"शेठ, मी पुसतो की. काय जातंय त्यात?"

"माझ्या बापाने ही गाडी घेतली त्या दिवसापासून अख्खं गाव तिला हसलं. तू एकट्याने तिला हळद लावलीस. ते मी पुण्यात येऊन पुसू?" मग परीक्षकांकडे वळून म्हणाले, "साहेब, बंपरचं तेवढं विचारा. बाकी तुमचा नियम मंजूर."

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. जाता जाता ते वाकले आणि बिल्ल्यावरच्या बैलाकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

बक्षीस अर्थातच एका पितळी दिव्यांच्या गाडीला मिळालं. पण संध्याकाळी मैदानातून गाड्या रांगेने बाहेर निघाल्या तेव्हा रस्त्यावरच्या लोकांनी सर्वांत जास्त टाळ्या आमच्या गाडीला वाजवल्या, हे मी लिहिलंच पाहिजे. त्या टाळ्या थट्टेच्या होत्या की कौतुकाच्या, ते मला सांगता येणार नाही. आम्ही तिघांनीही त्या कौतुकाच्या धरल्या.

परत

उतरताना गाडी तापली नाही. शिंग्रोबापाशी वडिलांनीही नाणं टाकलं. पनवेल जवळ आलं तेव्हा मला वाटलं, आता तरी चाचा बाजारातून जातील. पण त्यांनी नेहमीसारखा तळ्याकडचा वळसा घेतला.  त्यांच्या हातात दाखवायला काही नव्हतं.

त्यानंतर बरेच महिने गेले. दगडू पानवाला मला पाहिलं की विचारायचा, "काय कॉलेजवाले, आलं का विलायतेचं उत्तर?" मी परीक्षेत अडकलो. प्रात्यक्षिकांसाठी दुसऱ्या गावच्या केंद्रावर जावं लागलं, तिथेच एका मित्राकडे राहत होतो. घरी फोन नाही, त्यामुळे इकडचं काही कळत नव्हतं.

शेवटचा पेपर देऊन एसटीने परत आलो. स्टँडवरून चालत बाजारात शिरलो तर सगळं तुंबलेलं. हातगाड्या, रिक्षा, सायकली, कुणी पुढे सरकत नव्हतं. हॉर्न वाजत होते. कुणाची मिरवणूक असेल म्हणून मी टाचा उंचावून पाहिलं.

बाजाराच्या मधोमध हिरवी मॉरिस येत होती, माणसाच्या चालीने. दारांवर ताजे गेरूचे ठसे. पाडव्याला अजून किती तरी दिवस होते. गाडीचा डावा हात बाहेर आलेला, वळायचं कुठेच नव्हतं तरी, आणि या वेळी तो कुणी आत ढकलत नव्हतं. चाचा शेरवानीत. माझे वडील गाडीच्या पुढे चालत होते, अधूनमधून मागे वळून एक हात बिल्ल्यावर ठेवत, जसे गावी बैलांच्या पुढे चालायचे.

दगडू पानवाला गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आला. हातात विडा होता, तो त्याने माझ्यासमोर धरला.

"घ्या कॉलेजवाले. सकाळी पुण्याहून शेठच्या दुकानात फोन आला. त्या इंजिनिअर साहेबांचा. विलायतेच्या लोकांनी फोटो बघितले. बंपर तिथलाच, जोड तिथलाच. गाडी पहिल्यापासून एकच आहे."